काळमेघ साहेबांचे एकशे अठ्ठावीस जीबी

"आमची मेमरी कोणी काढली, ते आधी सांगा."

काळमेघ साहेब खुर्चीत बसायच्या आधीच बोलले. ते परीक्षा विभागाचे प्रमुख, आणि आमच्या विद्यापीठात परीक्षा विभागाचा प्रमुख उभा राहून बोलला की चहा थांबवायची पद्धत होती. चहा थांबला. कुलसचिवांनी पेन खाली ठेवलं. माझे संचालक गुल्हाने सर मुळात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक; संगणक केंद्र त्यांच्या गळ्यात केवळ सेवाज्येष्ठतेने पडलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईने पंख्याकडे पाहिलं.

"मी काढली, साहेब," मी म्हटलं. "वापर नव्हता."

तोंडातून शब्द गेले आणि माझ्या लक्षात आलं, हे बोलायचं नसतं. तिथे कुणी कुणाच्या तोंडावर 'वापर नव्हता' म्हणत नसे. विद्यापीठ विदर्भातलं होतं, एवढंच सांगते. नाव सांगत नाही, कारण न सांगताच तीन-चार विद्यापीठं हे आपल्यावरच लिहिलंय म्हणून चिडणार आहेत.

प्रकरण असं होतं. पूर्वी प्रत्येक विभागाचा आपापला संगणक असे, आपापल्या धुळीत बसलेला. मग अनुदान आलं आणि आम्ही एकच दांडगा सर्व्हर घेतला. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरने प्रत्येक विभागासाठी एकेक मशीन तयार केलं. हात लावायला गेलात तर तिथे वेगळं काही नसतं, पण त्यातल्या प्रत्येकाला आपण स्वतंत्र संगणक आहोत असंच वाटतं. मूळ सर्व्हर हा यजमान आणि ही आतली मशीन म्हणजे पाहुणे, असं आमच्या कामातलं बोलणं. मेमरी यजमानाची. मेमरी म्हणजे काम करताना सामान मांडायची जागा, स्वयंपाकाचा ओटा समजा. यजमानाने ती पाहुण्यांना वाटून द्यायची.

वाटणी कामावरून करावी, असं सर्व्हर सांभाळणारी म्हणून मी लिहून दिलं होतं. ती हुद्द्यावरून झाली. परीक्षा म्हणजे विद्यापीठाचा आत्मा, असं काळमेघ साहेब तासभर बोलले आणि त्यांना एकशे अठ्ठावीस जीबी मिळाले. कुलगुरू कार्यालयाला चौसष्ट मिळाले. त्या मशीनवर मान्यवरांच्या वाढदिवसांची शुभेच्छापत्रं तयार होत. मुलींच्या वसतिगृहाला आठ. आठच का, तर त्या दिवशी रेक्टरबाई रजेवर होत्या आणि वसतिगृहाच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. शिवाय वाटणी करणाऱ्या समितीला कुणालाच नाही म्हणायचं नव्हतं, त्यामुळे यजमानाकडे जेवढी मेमरी होती त्याहून जास्त वाटली गेली. सगळे पाहुणे एकाच वेळी सगळी जागा थोडीच वापरणार, हा भरवसा.

काळमेघ साहेबांनी त्यानंतर आपल्या केबिनमध्ये भिंतीवर एक स्क्रीन लावून घेतला. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच आकडा दिसायचा, १२८. भेटायला आलेल्या माणसाची नजर तिकडे गेली नाही, तर साहेब स्वतः वळून तिकडे पाहायचे, म्हणजे तो माणूसही पाहायचा. वर्षातून दोनदा निकाल लागायचे तेव्हा ते मशीन थोडं हलायचं. बाकी वर्षभर ते सगळी मेमरी पोटाशी धरून बसायचं, कारण या मशीनांचा स्वभावच तसा. एकदा घेतलेली जागा काम संपलं म्हणून आपणहून सोडायची त्यांना सवय नसते. माणसांसोबत राहून लागलेला हा गुण असावा.

आणि तिकडे आठ जीबीत रोशनीचं मशीन तडफडत होतं.

रोशनी उईके ही आमची कंत्राटी प्रोग्रामर, धारणीकडच्या एका गावातली. एजन्सीमार्फत आली होती. तिचा करार दर वर्षी नवा करायचा, म्हणजे करायचा की नाही ते दर वर्षी कुलसचिवांच्या लहरीवर. धाकटी बहीण तिच्याजवळ राहून नर्सिंगचं शिकत होती. करार गेला असता तर दोघींना गाठोडं बांधून गावाला जावं लागलं असतं. मुलींच्या वसतिगृहाचे प्रवेश ऑनलाइन झाले ते तिच्यामुळे. त्याआधी यादी वसतिगृहाच्या दाराला लागायची. ज्या मुलीचं गाव लांब, तिला यादी लागल्याचं उशिरा कळायचं, आणि ती पोचेपर्यंत खोल्या संपलेल्या असायच्या. रोशनीने स्वतःचं पहिलं वर्ष एका नातेवाइकाच्या जिन्याखाली झोपून काढलं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही हसत.

प्रवेश सुरू झाले की सगळ्या तालुक्यांतल्या मुली एकदम तिच्या मशीनवर येत. आधीच्या वर्षी ते दोनदा बंद पडलं. तिने जास्त मेमरी मागितली, तेव्हा गुल्हाने सरांनी सकारात्मक विचार सुरू केला, आणि तो इतका सकारात्मक होता की वर्षभर संपला नाही. मग कुलसचिवांनी तिला बोलावून सांगितलं की तिसऱ्यांदा बंद पडलं तर करार वाढणार नाही. मशीनला जागा कमी आहे, हे तिने सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले की आमच्याही घराला जागा कमी आहे, आम्ही कुठं बंद पडतो.

म्हणून त्या जुलैत मी फुगा चालू केला. हा काही माझा शोध नव्हे, सर्व्हरमध्ये ती सोय असतेच. पाहुण्या मशीनच्या आत एक छोटा प्रोग्राम असतो. यजमानाला जागा हवी असली की तो या प्रोग्रामला आतल्या आत फुगायला सांगतो. फुग्याने अडवलेली जागा ते मशीन वापरत नाही, आणि ती जागा यजमानाकडे परत जाते. यजमान ती ज्याला नड आहे त्याला देतो. उद्या त्याच मशीनला काम आलं की फुगा सोडायचा, जागा जिथल्या तिथे. कुणाचं काही जात नाही. मी परीक्षा विभागाच्या मशीनमधला फुगा फुगवला, मोकळी झालेली जागा रोशनीच्या मशीनला दिली, आणि चाचणीत तिचं मशीन पहिल्यांदा न धापा टाकता चाललं. रोशनी खुर्चीतून उठून दोनदा फिरून आली. मला वाटलं, झालं काम.

फुगा फुगला की आतल्या मशीनला एकूण मेमरीच कमी दिसते, हे मला माहीत होतं. भिंतीवरचा तो स्क्रीन मात्र मी विसरले होते.

"सकाळी आमदार साहेबांचे पीए बसून होते माझ्यासमोर," काळमेघ साहेब बैठकीत सांगत होते. "त्यांच्या डोळ्यांदेखत आकडा एकशे अठ्ठावीसचा वीस झाला. ते मले म्हणतात, काय काळमेघ साहेब, चौकशी लागली काय तुमच्यामागं?"

कुलसचिव हळहळले. मी समजावून सांगितलं की लागेल त्या क्षणी मेमरी परत मिळते, ती कुणी खाल्लेली नाही, फक्त परत गेली आहे.

'परत' म्हटल्यावर काळमेघ साहेब खाली बसले. आवाजही खाली आला, आणि तो चिडलेला नव्हता, उलट मला जगाची रीत माहीत नाही याबद्दल त्यात कळवळा होता.

"मॅडम, परत गेलेलं कधी परत येते काय? मार्चमध्ये निधी परत गेला का पुढल्या साली तेवढा कापूनच येते. तुम्ही शिकलेल्या आहात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही काय?"

यावर बैठकीतली सगळी डोकी हलली. माझंही हललं असेल, कारण बोलणं खरंच होतं. आमच्याकडे दर मार्चला न खर्चलेला निधी परत जाऊ नये म्हणून जी धावपळ व्हायची, तेवढी धावपळ जर जूनमध्ये झाली असती तर निकाल ऑगस्टमध्ये लागले असते. परीक्षा विभाग दर मार्चला लोखंडी कपाटं घ्यायचा. कपाटं ठेवायला जागा उरली नाही तेव्हा जिन्यात ठेवली, आणि जिना अरुंद झाला म्हणून पुढच्या मार्चला जिना रुंद करायचा प्रस्ताव गेला. कपाटांत काहीही नव्हतं. पण निधी परत गेला नव्हता, आणि अधिकाऱ्याची लायकी तिथे यावरूनच ठरत असे.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, वाटलेली मेमरी आहे त्याहून जास्त आहे. सगळ्यांनी आपापली भरून टाकली तर यजमानाचाच श्वास कोंडेल, आणि तसं झालं की तो स्वतःचा जीव वाचवायला एकाला बंद करतो. ज्याने सगळ्यात जास्त जागा अडवली असेल, त्याला.

"मॅडमची सूचना नोंदवून घ्या," कुलसचिव म्हणाले. सूचना नोंदवली गेली. आमच्याकडे सूचनेला मारायची ती सगळ्यात सभ्य पद्धत होती.

ठराव असा झाला की परीक्षा विभागाची मेमरी तत्काळ पूर्ववत करावी. यापुढे मेमरी परत घ्यायची ती समितीने पाहणी करून, आणि वापर दिसत नसेल तरच. पाहणी येत्या सोमवारी. सोमवारीच वसतिगृहाचे प्रवेश सुरू होणार होते, ते मी सांगितलं. पाहणीची तारीख कुलगुरूंच्या सोयीने ठरली आहे, असं मला सांगण्यात आलं. कुलगुरू त्या दिवशी बाहेरगावी असणार होते, हीच ती सोय.

मग जुलैत मार्च आला. अख्खं विद्यापीठ वापर दाखवायच्या मागे लागलं. कुलगुरू कार्यालयाने गेल्या दहा वर्षांतल्या दीपप्रज्वलनाचे सगळे फोटो एकदम उघडून ठेवले. वित्त विभागाने एकच भलीमोठी तक्ता-फाइल पुन्हा पुन्हा उघडली, इतकी की माउस हलवला की बाण थोड्या वेळाने हलायचा, आणि त्यांना त्याचा अभिमान वाटत होता. ग्रंथालयाच्या मुख्य बाईंनी मला फोन करून अगदी प्रामाणिकपणे विचारलं की मेमरी भरायला त्यांच्याकडे काही नाही, तर आमच्याकडचं थोडं मिळेल का.

परीक्षा विभागात देवतळे नावाचा माणूस होता. काळमेघ साहेबांचा लांबचा भाचा, कायम नोकरीत, दिसायला नीटनेटका. त्याला प्रोग्रामिंग येतं असं साहेब सांगत, आणि पहिल्यांदाच त्याचा पुरावा मिळाला. त्याने मेमरी भरून टाकणारा प्रोग्राम लिहिला. तो प्रोग्राम 'कार्यवाही सुरू आहे' हे तीन शब्द मेमरीत लिहायचा, मग पुन्हा लिहायचा, आणि जागा संपेपर्यंत लिहीत जायचा. मी आत जाऊन पाहिलं तेव्हा थोडा वेळ नुसती बघत राहिले. परीक्षा विभागाबद्दल इतकं खरं त्या मशीनमध्ये कधीच कुणी लिहिलं नव्हतं.

रोशनीने भरलेल्या मेमरीचा आकडा पाहिला आणि विचारलं, "मॅडम, सोमवारी माझ्या वाट्याला काय उरते?"

"आठ," मी म्हटलं. "तेही यजमान जिवंत राहिला तर."

रविवारी दिवसभर बसून तिने आपल्या पानावरचं जे जे काढता येण्यासारखं होतं ते काढलं. कुलगुरू, कुलसचिव आणि इतर मान्यवरांचे फोटो इतके मोठे होते की प्रत्येक मुलीला अर्जापर्यंत पोचायला आधी चार चेहरे उतरवून घ्यावे लागत. ते फोटो तिने टिकलीएवढे केले. "चष्मा लावून पाहतील तर दिसतील," म्हणाली.

सोमवारी प्रवेश सुरू झाले तसं मी आणि रोशनी सर्व्हरच्या खोलीत बसलो. या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती, धुळीमुळे म्हणून सुरू झालेली आणि आता देवळासारखी पाळली जाणारी. पहिला अर्धा तास बरा गेला. मग सगळ्या विभागांनी पाहणीसाठी आपापली भरलेली मशीन आणखी भरायला घेतली आणि यजमान गुदमरायला लागला. रोशनीचं मशीन रांगत होतं. मुलींचे फोन येत होते, पान गोल गोल फिरते मॅडम, पान उघडत नाही मॅडम. रोशनी प्रत्येकीला सांगत होती की बंद करू नको, थांब, मी इथंच बसून आहे. सांगताना तिचा एक पाय सारखा हलत होता.

तेवढ्यात गुल्हाने सर आले. अनवाणी. त्यांच्या मागे देवतळे, तो चपलांसकट.

परीक्षा विभागाच्या स्क्रीनवर इशाऱ्याची लाल पट्टी आली आहे, देवतळे म्हणाला. समिती पुढच्या खोलीत आहे आणि इकडेच येते आहे. सरांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं की एखादं लहान मशीन थोडा वेळ बंद केलं तर मोठ्यावरचा ताण कमी होईल. लहान म्हणजे वसतिगृहाचं. पोरींचं काय, उद्या भरतील.

हे रोशनीच्या समोरच चाललं होतं. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. मशीन बंद करायचं म्हणजे तिसऱ्यांदा बंद पडणं, आणि ते कशाने बंद पडलं हे विचारायची कुलसचिवांना सवय नव्हती.

"करते, सर," मी म्हटलं. "फक्त लेखी द्या."

"लेखी?"

"प्रवेश सुरू असताना वसतिगृहाचं मशीन बंद करावं, एवढंच. खाली सही."

मी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. सरांची वनस्पतिशास्त्रावरची तीन पुस्तकं आहेत, पण संचालक झाल्यापासून त्यांनी एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली नव्हती. सगळं तोंडी, सगळं फोनवर, तेही मिस्ड कॉल देऊन. त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं, टोपण लावलं.

"तुम्ही समजून घ्या नं, मॅडम."

"समजलं, सर. म्हणूनच लेखी मागून राहिली."

त्यांनी काळमेघ साहेबांना विचारून येतो म्हटलं. देवतळेला तिथे थांबवावं की सोबत न्यावं, यात आणखी थोडा वेळ गेला. मग दोघेही गेले. मी आणि रोशनी यजमानाच्या स्क्रीनकडे पाहत बसलो. मी देवबिव मानत नाही, पण तेव्हा मनातल्या मनात मी एका लोखंडी डब्याला हात जोडले. आणि त्याने मी बैठकीत सांगितलं होतं तेच केलं. श्वास अगदी कोंडला तेव्हा त्याने एकेका पाहुण्याकडे पाहिलं, सगळ्यात जास्त जागा कुणी अडवलीय ते पाहिलं, आणि परीक्षा विभागाचं मशीन बंद करून टाकलं.

एकशे अठ्ठावीस जीबी मोकळे झाले. मी रोशनीच्या मशीनवरची आठची मर्यादा उठवली आणि त्याला हवी तेवढी जागा घेऊ दिली. त्याने चाळीस घेतली. फोन वाजायचे थांबले, एकामागून एक अर्ज येऊ लागले, आणि संध्याकाळपर्यंत ते मशीन एकदाही अडखळलं नाही. रोशनीने पाय हलवायचा थांबवला आणि डबा उघडला. ती दिवसभर जेवली नव्हती.

परीक्षा विभागाचं मशीन बंद पडलं, त्याने काय अडलं, असं कुणी विचारेल. काहीच नाही. कार्यवाही थांबल्याचं विद्यापीठात कुणालाही कळलं नाही. बऱ्याच वेळाने एक प्राचार्य काळमेघ साहेबांना भेटायला आले, साहेब सवयीने भिंतीकडे वळले, तर भिंतीवर काळं चौकोनी भोक. तेव्हा आरडाओरडा झाला.

मला वाटलं, आता तरी उजेड पडेल. त्या वयात मला असं वाटायचं.

समितीची बैठक शुक्रवारी झाली. सामोसे होते, म्हणजे निर्णय आधीच झाला होता. गुल्हाने सरांनी निष्कर्ष वाचून दाखवले. परीक्षा विभागाचं मशीन मेमरी अपुरी पडल्यामुळे बंद पडलं, सबब त्यांची मेमरी दुप्पट करावी. वसतिगृहाचं मशीन आठ जीबीत दिवसभर सुरळीत चाललं, सबब त्यांची मागणी अवास्तव होती.

"आठमध्ये नाही चाललं, सर. चाळीसमध्ये चाललं," मी म्हटलं. "परीक्षेचं बंद पडलं म्हणून चाललं."

"कागदावर आठच आहे, मॅडम," काळमेघ साहेब सामोसा मोडत म्हणाले.

पुढचा मुद्दा होता विनावापर साधनसामग्री परत करण्याच्या मोहिमेचं, म्हणजे सोमवारच्या पाहणीचं, फलित. कुठल्याही विभागात विनावापर मेमरी आढळली नाही. सर्वत्र पूर्ण वापर दिसून आला, याबद्दल समितीने समाधान व्यक्त केलं. मात्र मोहिमेत काहीतरी परत गेलेलं दिसायला हवं होतं, नाहीतर मोहीम कशाची. सरांनी पान उलटलं आणि घसा साफ केला. वसतिगृह प्रवेशप्रणाली स्थिर झाली असून तिला स्वतंत्र प्रोग्रामरची आवश्यकता उरलेली नाही. सबब कंत्राटी प्रोग्रामर, संख्या एक, एजन्सीकडे परत. काम श्री. देवतळे पाहतील.

मग मी उभी राहिले आणि कुलसचिवांना म्हटलं, "तुम्ही तिला सांगितलं होतं, तिसऱ्यांदा बंद पडलं तर काढू. बंद पडलं नाही."

"म्हणूनच तर," कुलसचिव म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "आता बंद पडत नाही, तर तिचं काम काय उरलं?"

सगळ्यांना हे पटलं. गुल्हाने सरांनी मला सामोशांची प्लेट पुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती, आणि त्या लाजेची मला अजून किळस येते, कारण ती लाज होती तरी सही त्यांचीच होती. यावेळी त्यांनी लेखी दिलं होतं.

मी सर्व्हरच्या खोलीत गेले. रोशनीला सगळं सांगितलं. मी म्हणत होते की कुलगुरूंकडे जाऊ, वर्तमानपत्रात देऊ, मी राजीनामा देते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"सोमवारपासून. देवतळे घेणार तुझं काम."

"म्हणजे आज आहो मी."

तिने खुर्ची ओढली आणि प्रवेशाचं पान उघडलं. खोल्यांचं वाटप झालं होतं. प्रतीक्षा यादीत अजून मुली होत्या, लांबलांबच्या गावांच्या, आणि त्या यादीखाली एक करड्या रंगाची रांग होती. वसतिगृहाच्या वरच्या मजल्याच्या समोरच्या खोल्या. त्या मान्यवर पाहुण्यांसाठी राखीव होत्या. मान्यवर पाहुणे कायम गावातल्या एसी हॉटेलात उतरत. त्या खोल्यांना बारा महिने कुलूप असे, आणि खिडक्यांत कबुतरं. नियमात मात्र असं होतं की पहिलं वाटप झाल्यावर रिकामी राहिलेली कुठलीही खोली प्रतीक्षा यादीला द्यायची. नियम कुणी वाचला नव्हता. कुणीतरी कधीतरी त्या खोल्यांसमोर राखीव म्हणून एक खूण करून ठेवली होती, आणि ती खूण काढायचा अधिकार ज्या खात्याला होता ते खातं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रोशनीचं होतं.

"मॅडम, तुम्ही चहा घेऊन या बाहेरून," ती म्हणाली. "तुमची नोकरी कायम आहे. तुम्ही इथं नव्हत्या."

मी दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

तिने एकेक खूण काढली. घाई केली नाही, प्रत्येक खोलीसमोर यादीतलं नाव नीट पाहिलं, मग पुढे गेली. सगळ्या खोल्यांसमोर नावं आली तेव्हा तिने वाटपाचं बटण दाबलं. विद्यापीठाच्या नावाने, विद्यापीठाच्या शिक्क्यासह संदेश निघाले, धारणीला, चिखलदऱ्याला, आणखी कुठे कुठे. आता या खोल्या परत घ्यायच्या तर प्रत्येक मुलीच्या बापाला समोर बसवून कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस त्या इमारतीत कुणाकडे नव्हतं. पुढेही कुणी केलं नाही.

तिने आपलं खातं बंद केलं, डबा पिशवीत टाकला. माझा फोन वाजायला लागला. गुल्हाने सरांचा होता, आणि यावेळी मिस्ड कॉल नव्हता, पूर्ण वाजत होता. मी उचलला नाही.

"काय सांगू त्यांना?" मी विचारलं.

रोशनी दारात चपला घालत होती.

"सांगा नं, वापर नव्हता," ती म्हणाली. "परत केल्या."